गांजा बंद केला की झोप उडते, मग गांजा माझं औषधच नाही का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिहिणाऱ्याचं वय २६, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी, घर मनीषनगरला, घरी आई. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर पहिला दम मारला. गेली पाच वर्षं जवळजवळ रोज. आधी मित्रांबरोबर एक जॉइंट, आता रात्री गच्चीवर एकट्यानं दोन-तीन. ओढून ऑफिसला कधी गेला नाही, पगारही वाढतो आहे. आई म्हणते, फार विसराळू झालास. मार्चमध्ये त्यानं स्वतःहून बंद केला आणि चौथ्या रात्री पुन्हा सुरू केला. कारण झोप गेली, घास उतरेना, छातीत धडधड, आणि आईवर नको तेवढा ओरडला. त्याचं म्हणणं, 'मला मुळातच चिंतेचा आजार असणार आणि गांजा त्याचं औषध. दारूपेक्षा तर बराच ना? शिवाय याचं व्यसन लागत नाही असं सगळे म्हणतात.'

तू माझ्या मुलापेक्षा थोडासाच मोठा आहेस, म्हणून तू म्हणतो. मी नागपुरात २३ वर्षं मानसोपचाराची ओपीडी चालवतो. दारूचे पेशंट बायको किंवा आई ओढून आणते. गांजाचा पेशंट बहुतेक वेळा दुसऱ्याच तक्रारीसाठी येतो: झोप नाही, अभ्यासात मन लागत नाही, लग्न ठरलंय आणि भीती वाटते. गांजाचं तो शेवटी, उठता उठता सांगतो. तू निदान पहिल्याच ओळीत सांगितलंस, म्हणून मीही सरळ बोलतो.

आधी त्या चार दिवसांचं बघू, कारण तुझा सगळा निष्कर्ष त्यावर उभा आहे. झोप उडणं, भूक मरणं, चिडचिड, धडधड, अंगाला घाम, पोटात कालवाकालव. हे वर्णन तू चिंतेच्या आजाराचं म्हणून लिहिलंस. मी ते वाचलं आणि मला गांजाचा विड्रॉवल दिसला, जवळजवळ पुस्तकातल्यासारखा. रोज ओढणाऱ्यानं अचानक थांबवलं की एक ते तीन दिवसांत हा त्रास सुरू होतो, पहिल्या आठवड्यात शिगेला पोहोचतो आणि बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार मात्र थोडी जास्त रेंगाळते. म्हणजे तू चौथ्या रात्री, नेमका सगळ्यात वाईट वेळेला माघारी फिरलास. दोन दम मारताच सगळं शांत झालं आणि तुला वाटलं, औषध लागू पडलं. चहा सोडलेल्या माणसाचं डोकं तिसऱ्या दिवशी दुखतं आणि कपभर चहानं थांबतं, तेव्हा चहा हे डोकेदुखीचं औषध आहे असं आपण म्हणत नाही.

हे मेंदूत कसं घडतं ते सांगतो, कारण तू इंजिनिअर आहेस आणि 'डॉक्टर म्हणतात म्हणून' एवढ्यावर तुझं भागणार नाही. गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी. तो १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळा काढला. तो मेंदूत ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या ठरावीक पदार्थासाठीच्या जागांवर) बसतो, ते निसर्गानं गांजासाठी केलेले नाहीत. आपलं शरीर स्वतःच तसा एक पदार्थ तयार करतं. १९९२ मध्ये तो सापडला तेव्हा त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतमधल्या 'आनंद' या शब्दावरून. भूक, झोप, भीती, आठवण या सगळ्यांवर हा पदार्थ हलका हात ठेवून असतो. लागेल तेवढाच, लागेल तिथेच तयार होतो आणि लगेच मोडून जातो. गांजा मात्र सगळीकडे एकदम आणि तासन्‌तास बसतो. रोज असं झालं की मेंदू ते ग्राही कमी करतो. मग एका जॉइंटचं काम तीनला लागतं, आणि गांजा नसेल त्या दिवशी शरीराचा स्वतःचा आनंदामाइडही पुरत नाही, कारण त्याला बसायला जागाच कमी उरलेली असते. तुझे ते चार दिवस म्हणजे हेच. चांगली बातमी अशी की रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये गांजा बंद केल्यावर हे ग्राही दोन दिवसांतच परत वाढायला लागलेले दिसले आहेत आणि साधारण चार आठवड्यांत ते न ओढणाऱ्यांच्या जवळपास पोहोचतात.

मग चिंतेचा आजार तुला नाहीच का? असू शकतो. पण आज ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. महिनाभर गांजा पूर्ण बंद राहिल्यावर जी चिंता उरेल, ती तुझी. ती उरलीच, तर तिच्यावर चांगले उपचार आहेत. त्याआधी कुणी डॉक्टरानं गांजाचं न विचारता तुला चिंतेच्या गोळ्या लिहून दिल्या, तर तो तुझ्यावर नाही, तुझ्या विड्रॉवलवर उपचार करतो आहे.

व्यसन लागत नाही, हे चूक आहे. सगळ्यांना लागत नाही, हे खरं. जुन्या मोजणीत कधीतरी ओढून पाहिलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्यात अडकलेले दिसले, किशोरवयात सुरुवात केलेल्यांत १७ टक्क्यांच्या आसपास, आणि रोज ओढणाऱ्यांत हे प्रमाण बरंच वर जातं. आपल्याकडे एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख लोक आढळले, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना या सवयीसाठी मदतीची गरज होती. तू कोणत्या बाजूला आहेस हे ठरवायला आकडे नकोत. एकाचे तीन झाले, मित्रांतून गच्चीवर एकटा आलास, सोडायला गेलास आणि सुटला नाही. माझ्या ओपीडीत एवढ्यावर मी व्यसन लिहितो, आणि ते लिहिताना माझ्या मनात तुझ्याबद्दल कमीपणा नसतो.

आता आईच्या तक्रारीकडे येतो. आई बरोबर सांगते आहे. मेंदूचा जो भाग आजची गोष्ट उद्यासाठी जपून ठेवतो, त्यात हे ग्राही ठासून भरलेले असतात. म्हणून नशेत ऐकलेलं टिकत नाही, आणि रोज ओढणाऱ्याचं सकाळीही थोडं धुकं असतं, कारण टीएचसी चरबीत मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. लघवीत तर तो रोज ओढणाऱ्याला महिनाभरानंतरही सापडू शकतो. एक हिशेबनीस माझ्याकडे यायचा, इतवारीतल्या एका दुकानाचा. (ओळख पटू नये म्हणून इथल्या सगळ्या माणसांचे तपशील मी बदलले आहेत.) तो म्हणाला, 'डॉक्टर, मले सारं येते, पण आकडा डोक्यात धरून दुसऱ्या पानावर जाईस्तोवर तो सांडते.' विस्मरणाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या व्याख्यानात ऐकलं नाही. तो आज बरा आहे, आकडा सांडत नाही. मोठ्या वयात सुरुवात केलेल्यांची स्मृती आणि एकाग्रता बंद केल्यावर काही आठवड्यांत बरीचशी भरून येते. पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू केलेल्यांबद्दल मी इतक्या खात्रीनं बोलत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मापासून ज्यांचा पाठपुरावा झाला, त्यांच्यात किशोरवयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सुमारे ८ गुणांनी घसरलेला दिसला. जुळ्यांवरच्या अभ्यासांनी यातला बराच भाग घरच्या परिस्थितीचा असावा असं म्हटलं आहे, वाद मिटलेला नाही. तरी माझ्या पुतण्याला मी काय सांगेन ते ठरलेलं आहे.

पण खरं सांगू का, तुझ्या पत्रात मला सगळ्यात खटकलं ते विस्मरण नाही. 'कामावर ओढून कधी गेलो नाही, पगार वाढतो आहे', हे वाक्य. ते खरं आहे आणि म्हणूनच त्यानं तुला पाच वर्षं गाफील ठेवलं. गांजा दिवसाची नोकरी सहसा आधी खात नाही. तो संध्याकाळ खातो. सहा वाजता सुटल्यापासून झोपेपर्यंतचे पाच तास माणसाचे स्वतःचे असतात. मैत्री, प्रेम, एखादा खेळ, वाचन, आईला घेऊन दवाखाना, पुढच्या नोकरीची तयारी, सगळं त्या पाच तासांत घडतं. तू त्या वेळात काय करतोस ते लिहिलं नाहीस. लिहिण्यासारखं असतं तर लिहिलं असतंस, असं मला वाटतं. चुकत असेन तर आनंदच आहे.

याला लोक आळस म्हणतात, आणि तो शब्द मला अन्यायाचा वाटतो. ही मुलं आळशी नसतात. गांजानं कंटाळा गोड लागायला लागतो, एवढंच होतं. आणि कंटाळा ही कामाची गोष्ट आहे. रविवारी दुपारी घरात बसून जीव उबगतो, म्हणूनच माणूस उठून कुणाकडे तरी जातो, जुना मित्र फोन करून शोधतो, नोकरी नको वाटली तर दुसरी बघतो. त्या उबगाला रोज रात्री गोड करून टाकलं की उठायचं कारणच उरत नाही. वर्षं जातात आणि कुठे काही मोडल्याचा आवाज येत नाही. माझ्याकडे ३४ वर्षांचा एक जण आला होता, धरमपेठेत चांगलं घर, चांगला पगार. बंद करून सहा आठवडे झाल्यावर तो अर्धा तास नुसता रडला. म्हणाला, सर, मी २५ व्या वर्षी जिथं बसलो होतो तिथंच बसलोय, फक्त बाकीचे उठून गेले. दोघांची लग्नं झाली, एक बंगळुरूला गेला, आणि मला ते गेलेले त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही. मी त्याला थांबवलं नाही. ते रडणं नऊ वर्षं उशिरा आलं होतं.

आईवर ओरडलास ते वेगळं सांगतो. एरवी तू शांत असतोस, आणि घरच्यांना वाटतं, पोरगं किती गुणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आई रात्री काही सांगायला येते तेव्हा तू तिथे नसतोस. तिला ते कळतं. विसराळू म्हणते तेव्हा तिला बहुधा तेच म्हणायचं असतं.

दारूचं म्हणशील तर मान्य. दारूनं यकृत जातं, दारूच्या विड्रॉवलमध्ये झटके येऊन माणूस दगावू शकतो, गांजाच्या विड्रॉवलमध्ये तसं होत नाही. मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, वॉर्डात मी दारूनं मेलेली जितकी माणसं पाहिली तितकी गांजानं नाही पाहिली. महादेवाचा प्रसाद म्हणशील, तर महाशिवरात्रीला तेलंखेडीच्या मंदिरात जाऊन वर्षातून एकदा पेलाभर ठंडाई घेणाऱ्या काकांना मी काही बोलत नाही. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये या विषयावर मोठा आयोग नेमला होता आणि त्यानंही बेताच्या वापरानं फारसं बिघडत नाही, अतिरेकानं बिघडतं, असंच लिहून ठेवलं. पण भांग म्हणजे पानं आणि गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा, त्याची ताकद कितीतरी जास्त. आणि हल्ली पोरं 'हायड्रो' म्हणून जो महाग माल आणतात तो त्याहून कडक. वर्षातून एकदा आणि वर्षातून हजार जॉइंट, यांना एकाच प्रसादाच्या ताटात बसवू नकोस.

आता जिथे मी अजिबात सवलत देत नाही तो भाग. तुझ्या घरात, वडिलांकडे किंवा आईकडे, कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार होता का? 'मामाचं डोकं फिरलं होतं', 'आत्या घर सोडून जायची', असल्या दबक्या आवाजात सांगितलेल्या गोष्टी आईला नीट विचार. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला, त्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये आले. ५० हून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया सहापट दिसला. बाकीची कारणं हिशेबात धरल्यावर आकडा खाली येतो, पण धोका पुसला जात नाही. युरोपातल्या २०१९ च्या अभ्यासात रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची) शक्यता तिपटीच्या आसपास आणि कडक माल रोज घेणाऱ्यांत पाचपटीच्या आसपास निघाली. मुळात स्किझोफ्रेनिया शंभरात एखाद्याला होतो, म्हणजे ओढणाऱ्या बहुतेकांना तो होणार नाही. पण ज्याला होतो त्याचं घर मी पाहिलेलं आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा, दोन वर्षं रोज गांजा, मामाला जुना आजार. त्याला वाटायला लागलं की शेजारी भिंतीतून त्याचे विचार ऐकतात. मानकापूरला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. औषधांनी उत्तम सुधारला, घरी गेला, मित्रांनी 'एकच दम' म्हणून दिला, तीन आठवड्यांत परत आला. दुसऱ्या वेळी सुधारायला कितीतरी जास्त दिवस लागले. तुला ओढल्यावर कधी लोक आपल्याबद्दलच बोलताहेत असं ठामपणे वाटलं असेल, आणि नशा उतरल्यावरही ते वाटणं राहिलं असेल, तर या आठवड्यातच कुणाला तरी दाखव. माझ्याकडेच ये असं नाही.

शरीराचं थोडक्यात. तू सिगारेटची तंबाखू मिसळत असशील, बहुतेक सगळे मिसळतात. म्हणजे व्यसनं दोन आहेत आणि सोडताना दोन्हींचा त्रास एकत्र येतो, त्याचा अंदाज ठेव. खोकला, कफ ओघानं आलेच. ओढल्यावर दुचाकी नको. अंतराचा आणि वेळेचा अंदाज चुकतो, आणि वर्धा रोडवर रात्री ट्रक कसे येतात ते तुला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्याही पटकन लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांपैकी काहींना उलट्यांचे झटके येतात, तासातासाला, पोट पिळवटून. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी या त्रासाचं पहिल्यांदा सविस्तर वर्णन केलं. त्याची खूण विचित्र आहे: गरम पाण्याच्या अंघोळीनं बरं वाटतं. माझ्याकडे एक पेशंट दोन एंडोस्कोपी आणि ढीगभर गोळ्या करून आला होता. महिना मे, बाहेर ४५ अंश, कूलरपुढेही जीव नको झालेला, आणि त्याची बायको सांगत होती की हा दिवसातून चार वेळा कढत पाण्यानं अंघोळ करतो. तिथेच निदान झालं. गांजा सुटला, उलट्या थांबल्या.

तू कायद्याचं विचारलं नाहीस, पण भीतीमुळे मुलं दवाखान्यात येत नाहीत म्हणून सांगतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याप्रमाणे गांजा ओढणंही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद त्यात आहे. आणि तू मला जे सांगतोस ते माझ्या केबिनबाहेर जात नाही, ऑफिसला नाही, आईलाही नाही.

सोडायचं ठरलं तर असं कर. गांजासाठी दारूसारखी किंवा तंबाखूसारखी ठरलेली गोळी नाही, त्यामुळे तयारीवरच भिस्त. तारीख अशी निवड की पुढचे आठ-दहा दिवस डेडलाइन नाही, लग्नकार्य नाही. आदल्या दिवशी पुडी, क्रशर, पेपर सगळं घराबाहेर. 'शेवटची म्हणून ठेवलेली' पुडी मी आजवर कुणाकडे शेवटची ठरलेली पाहिली नाही. पुडीवाल्याचा नंबर काढून टाक. गच्ची महिनाभर बंद. सात ते दहा ही वेळ घरात काढू नकोस. अंबाझरीला जा, फुटाळ्याला चक्कर मार, जिम लाव, काहीही, पण पाय चालते राहू देत. दमलेलं शरीर दुसऱ्या आठवड्यात झोप परत आणतं. जेवण उतरणार नाही तेव्हा खिचडी, ताक, केळी, थोडं थोडं. मेडिकलवाल्याकडून ओळखीनं झोपेची गोळी घेऊ नकोस, अल्प्राझोलमच्या गोळीत अडकलेला माणूस सोडवणं मला गांजापेक्षा जड जातं. दारूनं भरपाई करू नकोस. आणि आईला आधी सांग, निदान एवढं की 'आई, आठवडाभर मी चिडचिडा असेन, मनावर घेऊ नको.' कारण सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. बहुतेक आयांना आधीच माहीत असतं.

एकट्यानं पुन्हा चौथ्या रात्री अडकलास तर एकट्यानं परत करून बघू नकोस. मेडिकलला आणि मेयोला, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत, मानसोपचाराची ओपीडी आहे, मानकापूरला आहे. नावाची भीती वाटत असेल तर आधी फोन कर: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, दोन्ही सरकारी आणि फुकट. समुपदेशनाच्या काही बैठकांनी खूप फरक पडतो, कारण गांजा ज्या जागी बसला होता ती जागा कशानं भरायची हे बोलल्याशिवाय सुचत नाही.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. गेल्या पाच वर्षांत तुला स्वप्नं पडल्याचं फारसं आठवणार नाही. गांजा झोपेचा तो टप्पा दाबून ठेवतो. बंद केलास की पाचव्या-सहाव्या रात्रीपासून ती उसळून येतील, लांबलचक, रंगीत, काही इतकी खरी की तू दचकून उठशील. काहींना स्वप्नातच जॉइंट ओढल्याचं दिसतं आणि सकाळी अपराधी वाटतं. घाबरू नकोस, काहीही बिघडलेलं नसतं. उशाशी वही ठेव आणि आठवेल तसं लिहून काढ. पंधरा दिवसांनी मला कळव, काय काय पडलं ते.